‘काही नाही होत जी’ : अमरावतीच्या विभागीय आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. विभागीय आयुक्त,
अमरावती विभाग, अमरावती

महोदय,

कोविड-१९ च्या साथीत लसीकरणाला झालेल्या विरोधाचा विषय निघाला की वऱ्हाडात, आणि विशेषतः मेळघाटाच्या संदर्भात, दोन शब्द हमखास वापरले जातात : ‘गैरसमज’ आणि ‘जनजागृती’. पहिला लोकांच्या खात्यावर मांडला जातो, दुसरा प्रशासनाच्या. आणि या मांडणीत लोक झोपलेले व प्रशासन जागे असे आधीच ठरून गेलेले असते. प्रस्तुत पत्राचा हेतू हा हिशेब पुन्हा तपासण्याचा आहे. २०२१ साली अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत लसीविषयी जे बोलले गेले त्यातील बराच भाग खोटा होता, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ते खोटे ज्या फटींतून आत शिरले त्यांतील अनेक फटी अर्धवट सांगितलेल्या सरकारी खऱ्याने पाडल्या होत्या, आणि साथ ओसरल्यानंतरही त्या बुजवण्याचे काम कोणाकडे सोपवले गेल्याचे दिसत नाही. पाचही जिल्ह्यांचा कारभार एकत्र पाहणारे कार्यालय आपले आहे, म्हणून हे पत्र आपल्या नावे लिहिले आहे.

त्या वर्षाचा क्रम प्रथम ध्यानात घ्यावा लागतो. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झाले तेव्हा साथ उतरणीला लागल्याची भावना सर्वत्र होती. त्यानंतर महिनाभराच्या आत अमरावती, अकोला आणि यवतमाळ येथील रुग्णसंख्या पुन्हा चढली आणि २२ फेब्रुवारीपासून अमरावती शहर व अचलपूर येथे आठवडाभराची टाळेबंदी लागू होऊन ती पुढे वाढवली गेली. बाकी महाराष्ट्र मोकळा फिरत असताना आपल्याच गावची दुकाने का बंद, हा प्रश्न येथील व्यापारी आणि मजूर दोघेही विचारत होते, आणि त्याला पटेल असे उत्तर मिळत नव्हते. विषाणूच्या काटेरी प्रथिनात, म्हणजे ज्या भागाच्या आधारे तो मानवी पेशीला चिकटतो त्या भागात, झालेल्या बदलांची चर्चा वर्तमानपत्रांत सुरू होती, पण या बदलांचा रुग्णवाढीशी संबंध असल्याचे मानण्यास आधार नाही, असे केंद्रीय यंत्रणा फेब्रुवारीत सांगत होत्या. २४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने महाराष्ट्रातील नमुन्यांत ई४८४क्यू व एल४५२आर हे बदल वाढत असल्याचे जाहीर केले, आणि हे बदल ज्या वंशावळीत नोंदले गेले तिच्याच एका शाखेला ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ‘डेल्टा’ हे नाव दिले. शास्त्रीय ज्ञान असेच, पुरावा साठेल तसतसे, पुढे सरकते. त्यात दोष कोणाचाच नाही. मात्र ‘आज इतकेच कळले आहे, उद्या बदलू शकते’ हे वाक्य त्या तीन महिन्यांत अमरावतीच्या नागरिकाच्या कानावर कोणी घातले असते, तर ‘आकडे मुद्दाम फुगवले जात आहेत’ या बाजारातल्या बोलण्याला इतकी पकड मिळाली नसती.

लस उपलब्ध असूनही ती घेण्यास होणाऱ्या टाळाटाळीला किंवा नकाराला सार्वजनिक आरोग्याच्या परिभाषेत ‘लस-संकोच’ म्हणतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने त्याच्या मुळाशी तीन गोष्टी सांगितल्या आहेत : रोगाची भीती न वाटणे, लस मिळण्यातील गैरसोय, आणि लस, ती देणारा व ती देण्याचा निर्णय घेणारा यांच्यावरील अविश्वास. साथीबरोबर पसरणाऱ्या खऱ्या-खोट्या माहितीच्या लोंढ्याला त्याच संघटनेने २०२० मध्ये ‘माहितीची साथ’ अशा अर्थाचे नाव दिले. या संज्ञा उपयुक्त आहेत, पण त्यांचा एक दुष्परिणाम असा की गैरसोय, अविश्वास आणि अफवा या तीन वेगळ्या गोष्टी तालुक्याच्या बैठकीत पोहोचेपर्यंत एकाच रकान्यात पडतात, त्या रकान्याचे नाव ‘नकार’ असे होते, आणि मग सर्वांवर एकच औषध काढले जाते, ते म्हणजे भोंगा लावलेली गाडी.

गैरसोयीचेच पाहावे. कोविशिल्डच्या एका कुपीत दहा मात्रा असत, आणि कुपी उघडल्यानंतर चार तासांच्या आत त्या संपवाव्या लागत. वाया गेलेल्या मात्रांचे प्रमाण राज्य व केंद्र पातळीवर पाहिले जात असल्याने आरोग्यसेविका दहा माणसे जमेपर्यंत कुपी उघडण्यास कचरत असे, हे स्वाभाविक होते. दोन ते आठ अंश तापमानात ठेवायची ही कुपी बर्फाच्या डब्यातून वैशाखात, अकोल्याचा पारा पंचेचाळिसाकडे झुकलेला असताना, उपकेंद्रावर पोहोचायची, आणि चार माणसे आली तर त्या चौघांना ‘दहा जण झाले की या’ असे सांगून परत पाठवले जायचे. त्या चौघांच्या परत जाण्याची नोंद कुठेच होत नव्हती. गावात मात्र त्याचा अर्थ लावला जात होता : काल घ्या म्हणून मागे लागले, आज गेलो तर देत नाहीत, म्हणजे यात काहीतरी काळेबेरे आहे. मेळघाटात तर ऋतूचाही प्रश्न होता. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील कोरकू आदिवासी मजूर होळीला घरी परततात, त्यानंतरचे दिवस मोह वेचण्याचे असतात, आणि मोह पहाटे, झाडाखाली पडल्या पडल्या, वेचावा लागतो. त्यामुळे सकाळी दहाला पोहोचलेल्या पथकाला वस्ती रिकामी दिसली की अहवालात ‘ग्रामस्थ लस टाळण्यासाठी जंगलात गेले’ असे लिहिले जाण्याची शक्यता किती मोठी, हे सांगायला नको. काही ठिकाणी लोक खरोखरच पळाले असतील. परंतु पळालेला आणि पोट भरायला गेलेला यांत फरक करण्याची तसदी घेतल्याशिवाय त्या गावाच्या मनाविषयी काही विधान करता येत नाही. जूनच्या २१ तारखेपासून अठरा वर्षांवरील सर्वांना केंद्रामार्फत मोफत लस मिळू लागली तेव्हा वऱ्हाडात कपाशी-सोयाबीनची पेरणी चालू होती, ही गोष्टही दिल्लीतील वेळापत्रकात असण्याचे कारण नव्हते. अमरावतीच्या वेळापत्रकात असायला हरकत नव्हती.

आता या पत्राच्या शीर्षकातील वाक्याकडे वळता येईल. आशाताई असो, आरोग्यसेविका असो की पोलीस पाटील, लस घ्यायला कचरणाऱ्या माणसाला धीर देताना वऱ्हाडात सर्रास जे म्हटले गेले ते असे : ‘काही नाही होत जी.’ वाक्य मायेचे आहे, आणि ते बोलणाऱ्यांनी साथीच्या काळात स्वतःचा जीव धोक्यात घातला होता, हे विसरून चालणार नाही. पण ते खरे नव्हते. कोविशिल्डच्या अधिकृत माहितीपत्रकातच कणकण, अंगदुखी, थकवा आणि टोचलेल्या जागी दुखणे हे परिणाम दहांतील एकाहून अधिक जणांना होऊ शकतात, असे नमूद होते. शरीराची प्रतिकारयंत्रणा कामाला लागल्याचीच ही चिन्हे असून ती बहुधा दोन दिवसांत जातात. म्हणजे ‘काही होत नाही’ असे ऐकून लस घेतलेल्या माणसाला त्याच रात्री कणकण भरली की, सांगणारा एक तर खोटे बोलला किंवा त्याला काहीच माहीत नाही, या दोनांपैकी एका निष्कर्षावर येणे तर्काला धरूनच होते. त्यातही हातावर पोट असणाऱ्याच्या बाबतीत तापाला किंमत होती : रोजगार हमीचा राज्यातील दर २०२१-२२ मध्ये दिवसाला २४८ रुपये होता, आणि दोन दिवस अंथरुणावर गेले म्हणजे घरातून पाचशे रुपये गेले. ज्याला आधीच ‘दोन दिवस ताप येईल, मग उतरेल, त्या दिवसांची मजुरी बुडेल म्हणून शनिवारी या’ असे सांगितले गेले असते, त्याला आलेला ताप सांगणाऱ्याच्या खरेपणाचा पुरावा ठरला असता. तोच ताप ‘काही होत नाही’ या आश्वासनानंतर आला, आणि अफवेचा पुरावा ठरला. लसीकरणाच्या मोहिमेत सर्वांत महाग पडलेली चुकीची माहिती ही समाजमाध्यमावरून आली नव्हती, ती दारावर येऊन प्रेमाने सांगितली गेली होती, असे म्हणणे कठोर वाटले तरी अन्यायाचे ठरू नये. कारण ते वाक्य आशाताईने स्वतः रचलेले नव्हते, तिला दुसरे वाक्य दिलेच गेले नव्हते.

‘सुई घेतली की माणूस मरतो’ ही त्या काळातील सर्वांत पसरलेली समजूत. तिच्यामागचा तर्कदोष मराठीत फार जुन्या नावाने ओळखला जातो : काकतालीय न्याय. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, की फांदी कावळ्याने मोडली असे वाटू लागते. महाराष्ट्राचा मृत्युदर साथीपूर्वी वर्षाला हजारी साधारण साडेपाच होता, त्या हिशेबाने दोन लाख वस्तीच्या तालुक्यात साथ नसतानाही रोज तीन माणसे जातात. आणि मार्च-एप्रिल २०२१ मध्ये लस प्रथम साठीच्या पुढच्यांना, मग पंचेचाळिशीच्या पुढच्यांना, म्हणजे ज्यांच्यात मृत्यूचे प्रमाण मुळातच अधिक त्या वयोगटाला दिली जात होती, तीही दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात. लस घेतल्यानंतर आठवड्याभरात तालुक्यातील कोणत्या ना कोणत्या गावात कोणी तरी दगावणार, हे गणिताने आधीच सांगता आले असते. तसे ते सांगितले गेले नाही, आणि घटना घडल्यावर ‘लसीचा काही संबंध नाही’ एवढेच सांगितले गेले. हे उत्तर बहुतेक वेळा बरोबरही होते, पण पारावर बसलेल्या माणसाला ते चौकशीशिवाय दिलेले उत्तर वाटले. लसीकरणानंतर घडणाऱ्या प्रतिकूल घटनांची तपासणी करणारी समिती जिल्हा, राज्य आणि राष्ट्र अशा तिन्ही पातळ्यांवर असते. राष्ट्रीय समितीने जून २०२१ मध्ये ३१ गंभीर घटनांचे मूल्यमापन प्रसिद्ध करताना त्यांतील एक मृत्यू, अडुसष्ट वर्षांच्या एका गृहस्थांचा, लसीनंतरच्या तीव्र ॲलर्जीमुळे झाल्याचे मान्यही केले. असा एक मृत्यू मान्य करणारी यंत्रणा विश्वासाला पात्र आहे असे सांगण्याची ही उत्तम संधी होती. ती वऱ्हाडातल्या किती उपकेंद्रांवर घेतली गेली, हे आपल्या कार्यालयाने शोधून पाहावे. कोविशिल्डच्या दोन मात्रांतील अंतर आधी चार ते सहा आठवडे, २२ मार्चपासून शक्यतो सहा ते आठ, आणि १३ मेपासून बारा ते सोळा आठवडे झाले तेव्हाही हेच घडले. वाढीव अंतराने प्रतिकारशक्ती चांगली येते याला परदेशातील अभ्यासांचा आधार होता, त्याच वेळी देशात लसीचा तुटवडाही होता. सरकारने पहिले सांगितले, दुसरे लोकांना दिसतच होते.

अविश्वासाचा तिसरा थर याहून खोल आहे, आणि तेथे थोडे थांबावे लागेल. लसीमुळे मूल होत नाही, पुरुषत्व जाते, ही समजूत केवळ अडाणीपणातून येते असे म्हणणाऱ्यांनी आणीबाणीची आठवण ठेवावी. १९७५ ते १९७७ या काळात नसबंदीचे उद्दिष्ट पूर्ण करण्यासाठी सरकारी यंत्रणा गावोगाव कशी फिरली हे ज्यांनी पाहिले ती पिढी २०२१ मध्ये साठीच्या पुढे होती, म्हणजे सामान्य नागरिकांच्या लसीच्या रांगेत पहिली होती. आणि सक्तीच्या नसबंदीचे विधेयक १९७६ मध्ये मंजूर करणारे विधिमंडळ महाराष्ट्राचेच होते, राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही इतकेच. सरकारी माणूस, यादी, उद्दिष्ट आणि शरीराला लावलेले हत्यार हे चित्र एकदा मनात बसले की पुढची प्रत्येक सुई त्या चित्रात जाऊन बसते. असे जगभर घडलेले आहे. नायजेरियातील कानो प्रांताने २००३ मध्ये पोलिओची लस महिनोन्महिने नाकारली आणि तेथून तो रोग अनेक देशांत पुन्हा पसरला. त्या नकारामागे वंध्यत्वाची अफवा होती, पण त्या अफवेला बळ होते ते १९९६ साली त्याच कानोत मेंदुज्वराच्या साथीत एका बहुराष्ट्रीय औषध कंपनीने मुलांवर केलेल्या वादग्रस्त चाचणीचे.

मेळघाटच्या आठवणी तर ताज्या आहेत. १९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, पुढे गाभ्यातील गावे उठवली गेली, आणि केलपाणी, गुल्लरघाट, धारगड, सोमठाणा अशा गावांतील कुटुंबे अकोला जिल्ह्यातील अकोट-तेल्हारा भागात खाली आणून वसवली गेली. अमरावती आणि अकोला हे या प्रश्नात दोन वेगळे जिल्हे नाहीत ते यामुळेच : डोंगरावरचा संशय पुनर्वसनाबरोबर पायथ्याला उतरला आहे. नव्या वस्तीत दवाखाना नाही, माणसे मरत आहेत, शेतीला जमीन नाही, अशी तक्रार करत यांतील काही कुटुंबे परत जंगलात गेली आणि जानेवारी २०१९ मध्ये तेथे वन व पोलीस यंत्रणेशी त्यांचा हिंसक संघर्ष झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी त्याच लोकांकडे शासन आले ते लस घेऊन. पुढे जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी आणि कोयलारी येथे वीज तोडल्याने नळयोजना बंद पडली, लोक उघड्या विहिरीचे पाणी प्याले, पटकी पसरली आणि माणसे गेली. ज्या शासनाला गावाचे पाणी शुद्ध ठेवता येत नाही ते आपल्या दंडाला टोचायचे औषध मात्र शुद्ध आणते, हे पटवून घेण्यासाठी कोरकू माणसाला किती मोठी उडी मारावी लागते, याची कल्पना आयुक्तालयातील सभागृहात बसून येणे अवघड आहे. त्यात भाषा. कोरकू ही मुंडा कुळातील, म्हणजे मराठी-हिंदीशी किंवा शेजारच्या गोंडीशीही नाते नसलेली भाषा. मराठीतील भित्तिपत्रक तेथील म्हाताऱ्या माणसाला चित्रासारखे दिसते. प्रशासनाने २०२१ मध्ये कोरकूतून ध्वनिचित्रफिती काढल्या, हे श्रेय त्याला दिले पाहिजे, परंतु चित्रफीत बोलते, ऐकत नाही. मेळघाटात लोक प्रथम ज्याच्याकडे जातात तो भूमका, म्हणजे पूजाविधी आणि झाडपाल्याचे उपचार करणारा, ऐकतो. त्याचे उपचार चुकीचे आणि पोटावर चटके देण्याइतके क्रूरही असतात, तरी रोग्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घेण्याचे त्याचे कौशल्य पंधरा मिनिटांत चाळीस रोगी तपासणाऱ्या बाह्यरुग्ण विभागाने हसण्यावारी नेऊ नये. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांच्यावर लोकांनी विश्वास ठेवला तो पदव्यांमुळे नव्हे. तीन दशकांहून अधिक काळ तेथे राहिल्याने तो जमा झाला.

राज्याच्या सीमेपलीकडची एक नोंद येथे उपयोगी पडेल. मेळघाटला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्याच्या डुलारिया गावातील लोकांशी पंतप्रधान २७ जून २०२१ रोजी ‘मन की बात’मध्ये बोलले, व्हॉट्सॲपवरच्या संदेशांनी आपण घाबरलो असल्याचे ग्रामस्थांनी सांगितले, आणि पंतप्रधानांनी आपण व आपली शंभरीकडे आलेली आई अशा दोघांनीही लस घेतल्याचे सांगितले. हे उत्तर आकडेवारीचे नव्हते, साक्षीचे होते, आणि म्हणूनच ते उत्तर होते. अडचण एवढीच की दिल्लीची साक्ष प्रत्येक ढाण्यापर्यंत, म्हणजे आदिवासी वस्तीपर्यंत, फोन करून देता येत नाही.

खोट्याचा उगम नेहमी निरक्षर वस्तीतच असतो, हा समजही या निमित्ताने सोडून द्यायला हवा. जून २०२१ मध्ये लस घेतल्यावर अंगाला चमचे आणि नाणी चिकटू लागल्याचा दावा नाशिक शहरातून झाला, आणि तो राज्यभर पसरवला तो वाहिन्यांनी. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी घाम आणि त्वचेच्या चिकटपणाचे साधे प्रयोग करून तो निकालात काढला. त्याआधी मार्च-एप्रिल २०२० मध्ये तबलिगी जमातीच्या दिल्लीतील मेळाव्यानंतर एका समाजालाच रोगाचा वाहक ठरवणारी जी मोहीम चालली तिचेही बळ स्टुडिओतून आले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी जमातीच्या परदेशी सदस्यांवरील गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे स्पष्ट म्हटले. अचलपूर, बाळापूर, अकोट आणि दोन्ही जिल्ह्यांच्या शहरांतील जुन्या वस्त्यांत उर्दू बोलणारा मोठा समाज राहतो. ज्याला वर्षभरापूर्वी रोग पसरवणारा म्हणून दाखवले गेले त्याच्याच दारी वर्षभराने लस घेऊन गेल्यावर दार लगेच उघडले नाही, तर त्याला ‘धार्मिक गैरसमज’ हे नाव देण्यापूर्वी प्रशासनाने थोडे थबकायला हवे होते.

आणि सर्वांत अडचणीचे उदाहरण आपल्याच विभागातले आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी, म्हणजे कोविड लसीकरणाला पंधरा दिवस झालेले असताना, यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यात पोलिओ मोहिमेत पाच वर्षांखालील बारा बालकांना डोसाऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुले रुग्णालयात दाखल होऊन बरी झाली, संबंधित कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली, आणि शासनाच्या दृष्टीने विषय संपला. वऱ्हाडाच्या दृष्टीने तो तेथे सुरू झाला. ‘सरकारी माणूस काय पाजतो ते त्यालाच माहीत नसते’ हे वाक्य त्यानंतर कोणी उच्चारले असेल तर ते अफवा नव्हते, वर्तमानपत्रातील बातमी होती. अशी चूक कशी झाली, दोन बाटल्या कोठे ठेवल्या होत्या, आता कोणती खबरदारी घेतली जाते, हे त्या तालुक्यापुरते तरी चावडीवर उभे राहून सांगितले गेले असते, तर पुढच्या सहा महिन्यांचे भोंगे वाचले असते.

याउलट प्रशासनाला दुसरा मार्ग सोपा वाटला. नोव्हेंबर २०२१ मध्ये घरोघरी लसीकरणाची ‘हर घर दस्तक’ मोहीम सुरू असतानाच मराठवाड्यात औरंगाबाद जिल्हा प्रशासनाने लस न घेतलेल्यांना रेशन व पेट्रोल न देण्याचे फर्मान काढले. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर निकाल देताना सरकारचे लसीकरण धोरण अवाजवी नसल्याचे मान्य केले, पण कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, शरीरावरचा अधिकार हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि प्रतिकूल घटनांची माहिती सामान्य माणसालाही नोंदवता व पाहता आली पाहिजे, असेही बजावले. त्या खंडपीठातील एक न्यायमूर्ती, भूषण गवई, अमरावतीचेच. निकालाचा पहिला भाग मोहिमेचे समर्थक सांगतात, दुसरा विरोधक. अंमलबजावणीची वाट पाहत राहिला आहे तो शेवटचा, माहिती नोंदवण्याचा भाग.

माहिती लोकांकडून वर येण्याची पद्धत या राज्याला नवी नाही. देवीच्या निर्मूलनाच्या शेवटच्या टप्प्यात भिंतीभिंतींवर ‘देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा’ असे रंगवलेले असे. वऱ्हाडात देवी-कांजण्यांना ‘माता’ म्हणत, मातामायच्या ठाण्यावर दहीभात ठेवत, आणि देवी डॉक्टर आला की आया मुले लपवत. तरीही १९७५ नंतर देशात देवीचा रोगी उरला नाही. सरसकट टोचणीच्या जोडीला रोगी हुडकून त्याच्या भोवतीच्या घरांना टोचण्याची पद्धत आली, आणि तिच्यासाठी गावकरी हा उपदेश ऐकणारा न राहता खबर देणारा झाला. हजार रुपये हे आमिष खरे. पण ज्याला विचारले जाते त्याची किंमत वाढते, हेही त्यात होतेच. अमरावती जिल्ह्यातल्याच शेंडगावच्या गाडगेबाबांचे कीर्तन प्रश्नांवर चाले, बाबा श्रोत्यांना विचारत, श्रोते उत्तर देत, आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे. नवसाचा बोकड आणि गावातली घाण यांवर त्यांनी जे साधले ते याच रीतीने. त्यांचे नाव विद्यापीठाला, स्वच्छतेच्या अभियानाला आणि कित्येक फलकांना दिले गेले, त्यांची रीत मात्र आरोग्य खात्याच्या प्रशिक्षणात कोठे आढळत नाही.

म्हणून आयुक्तालयाकडे मागणे अगदी मर्यादित आहे. लसीकरण सत्राच्या नोंदवहीत किती मात्रा आल्या, किती दिल्या, किती वाया गेल्या याचे रकाने असतात; त्यांच्या शेजारी ‘लोकांनी काय विचारले’ असा एक रकाना वाढवावा, आणि प्रश्न ज्या भाषेत विचारला गेला त्याच भाषेत, वऱ्हाडी, कोरकू किंवा उर्दूत, शब्द न बदलता लिहिला जावा. किती जण आले आणि कुपी न उघडल्याने परत गेले, हेही त्याच पानावर यावे, आणि चार माणसांसाठी कुपी उघडणाऱ्या सेविकेला जाब विचारला जाणार नाही असे लेखी कळवावे. लसीनंतरच्या प्रत्येक गंभीर घटनेचा निष्कर्ष जिल्हा समितीने त्या गावाच्या ग्रामसभेत येऊन, कागद वाचून न दाखवता, सांगावा. ‘काही होत नाही’ हे वाक्य प्रशिक्षणातून काढून टाकावे आणि त्याच्या जागी ताप किती जणांना येतो, किती दिवस राहतो, कोणते लक्षण दिसले तर रात्री-बेरात्री कोणाला उठवायचे, हे सांगणारी चार वाक्ये आशाताईंनीच बसून तयार करावीत. या कामाचा मोबदला त्यांना वेगळा मिळावा. जून २०२१ मध्ये राज्यातील सुमारे सत्तर हजार आशांना साथ चालू असताना संपावर जावे लागले, तेव्हा कुठे मानधनात हजार रुपये आणि कोविड भत्त्याचे पाचशे रुपये पदरात पडले, ही गोष्ट फार जुनी नाही.

यासाठी नव्या साथीची वाट पाहण्याची गरज नाही. बालकांच्या नियमित लसीकरणाची सत्रे आणि ग्राम आरोग्य व पोषण दिवस दर महिन्याला होतच असतात, आणि कोविडच्या काळात राहून गेलेल्या मात्रांचा परिणाम २०२२ च्या अखेरीस गोवराच्या उद्रेकात महाराष्ट्राने पाहिला आहे. धारणी, चिखलदरा आणि अकोट या तीन तालुक्यांत हा रकाना येत्या होळीपूर्वी सुरू करता येईल. त्यात पहिल्या महिन्यात जे प्रश्न येतील त्यांची उत्तरे दुसऱ्या महिन्यात त्याच गावात, त्याच आशाताईच्या तोंडून परत जावीत, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर अमरावतीला, पुण्याला किंवा दिल्लीला अद्याप सापडलेले नसेल त्याच्यापुढे तसेच लिहून पाठवावे.

कळावे.

वऱ्हाडातील एक नागरिक